मामूंनी मागितलेलं ऑर्गनचं पुस्तक

मामूंनी ऑर्गनचं पुस्तक आणायला सांगितलं तेव्हा आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस चालू होतं. मी अर्थातच अवयवदानाचं पुस्तक घेऊन गेलो. लहानसं, मराठी, चित्रं असलेलं. किडनी कुठे असते, कोण देऊ शकतं, कोणत्या तपासण्या लागतात, असं सगळं त्यात होतं. मामूंनी चष्मा चढवून मुखपृष्ठ वाचलं आणि हसायला लागले. “अरे, ये वाला नहीं. पायपेटी का!” सुई लावलेला हात हलू देऊ नका म्हणून सिस्टर रागावली, इतके हसले.

मामू पेटीचे कारागीर. हिंगणघाटापासून आर्वीपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे दुरुस्तीला यायच्या. गिरडच्या शेख फरीद बाबांच्या दर्ग्यावर गाणाऱ्या कव्वालांच्याही यायच्या. त्यांच्या खोलीत एक जुना ऑर्गन कित्येक वर्षं पडून होता. कुण्या नाटकवाल्याच्या घरून आलेला, भाता फाटलेला. तो एकदा वाजता करायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. “पेटी सांस छोडती है, ऑर्गन सांस लेता है,” ते म्हणायचे. आणि ते खरंच आहे. हातपेटीत भात्यातली हवा सुरांच्या पट्ट्यांवरून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन धाटणीच्या पायऑर्गनमध्ये पायांनी हवा ओढून घेतली जाते, बाहेरची हवा पट्ट्यांमधून आत येते. म्हणून त्याचा आवाज मऊ. संगीत नाटकाला तो मानवला. पेटी दुरुस्त करणाऱ्याला मात्र तो उलट्या अंगानेच समजून घ्यावा लागतो.

मग मी पुस्तक शोधायला निघालो. गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ मिळालं. ते मामूंनी आधीच वाचलेलं होतं, आणि त्यात वादकाचं मन आहे, भात्याचं चामडं नाही. नाट्यसंगीतावरच्या पुस्तकांत गंधर्व मंडळी भेटते, अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी भेटते. (मराठी रंगभूमीच्या ऐन वैभवाच्या काळात साथीला बसलेली ही नावं आपल्या पोरांना कुणी सांगत नाही, हे जाता जाता.) पण ऑर्गन उघडायचा कसा, हे कुणी लिहिलेलं सापडेना. ग्रंथालयात ‘ऑर्गन’ म्हटलं की माणूस थेट वैद्यकाच्या कपाटाकडे बोट दाखवायचा.

त्याची चूक नव्हती. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हत्यार, साधन. त्यातूनच वाद्य आणि अवयव दोन्ही निघाले. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही ही कपाटं शेजारीशेजारी आहेत. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी पाण्याच्या जोरावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली. मुरिस्तुस या ग्रीक नावावरचे ऑर्गनविषयीचे ग्रंथ टिकले ते अरबीत. इब्न सीनाच्या ज्या ग्रंथावर हकीम लोकांची शतकं गेली त्याचं नाव ‘अल-कानून’, आणि कानून हे एक तंतुवाद्यही आहे. मामूंना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. इब्न सीना हृदय, मेंदू आणि यकृत यांना ‘आज़ा-ए-रईसा’ म्हणतो, म्हणजे सरदार अवयव, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, “और गुर्दा?” गुर्दा त्या सरदारांत नाही. “देखा,” मामू म्हणाले, “नौकर गया तो सरदार क्या करेंगे.”

घरात तोवर दुसरंच पुस्तक आलं होतं. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी अम्मीच्या हाती उर्दू पुस्तिका ठेवली: मुफ्ती मुहम्मद शफी यांची ‘इन्सानी आज़ा की पैवंदकारी’. कारण अम्मीने, म्हणजे मामूंच्या बहिणीने, किडनी द्यायचं मनाशी ठरवलं होतं आणि ते बाहेर गेलं होतं. पुस्तिकेचा सूर असा, की शरीर माणसाच्या मालकीचं नाही, अल्लाहची अमानत आहे. जे आपलं नाही ते देणार कसं? ही पुस्तिका मी चिडून वाचायला घेतली आणि चिडूनच संपवता आली नाही. तिच्यात माणसाच्या देहाचा बाजार होईल ही भीती आहे, आणि ती भीती खोटी म्हणता येत नाही. आपल्या देशात 1994 चा कायदा करावा लागला तो याच बाजारामुळे. पण जिद्दाच्या फिक्ह अकादमीने फेब्रुवारी 1988 मध्ये उलट बाजूचा ठराव केला, हेही मी अम्मीला सांगितलं. देणाऱ्याला धोका नसेल, विक्री नसेल, त्याची स्वतःची मर्जी असेल, तर देता येतं. मेल्यानंतरही, त्याने किंवा वारसांनी परवानगी दिली असेल तर.

अम्मीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. ती कारंज्याकडची, तिच्या वडिलांची जिंदगी संत्र्यांच्या बागांत गेली. ती म्हणाली, “जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात, त्यालाही पैवंदच म्हणतात ना? मग ते झाड कुणाचं?” मला उत्तर देता आलं नाही. बुजुर्गांनाही विचार, म्हणालो. तिने विचारलं की नाही, ठाऊक नाही.

मामूंचं म्हणणं वेगळंच होतं. जन्मभर त्यांनी ऐकलं होतं की बाजा जायज नाही. आता गुर्दाही नाही. “म्हणजे माझं दोन्हीकडून गेलं,” ते म्हणायचे. पण बहिणीचा गुर्दा घ्यायला ते तयार नव्हते, आणि त्याचा मजहबशी काही संबंध नव्हता. लहानपणी तिने स्वतःच्या वाटची भाकर त्यांना दिलेली, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. चार महिने अम्मीने त्यांच्याशी बोलणं सोडलं, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

तपासणीत अम्मीला साखर निघाली. तिला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नाही म्हटलं. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

मग मी पुढे झालो. तिथे कायद्याची गंमत कळली. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण हे कायद्याचे जवळचे नातेवाईक, आणि 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही. भाचा त्या यादीत नाही. भाच्याला समितीपुढे जावं लागतं आणि आपण जिव्हाळ्यापोटी देतोय, पैशासाठी नाही, हे पटवून द्यावं लागतं. बाजार रोखायचा तर असंच हवं, हे मला मान्य आहे. तरी जिव्हाळ्याचा पुरावा म्हणून काय जोडायचं, असं मी कागद भरणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लग्नकार्यातले जुने फोटो चालतात. आमच्याकडे फोटो दोनच, आणि दोन्हींत मामू पेटीच्या मागे, मान खाली.

कागद पुरे व्हायच्या आधीच मामू गेले. कुणाला दोष द्यावा असं काही नव्हतं. शरीर थकलं होतं. त्यांच्या उशाखाली माझं पहिलं, चुकीचं पुस्तक निघालं. वाचलेलं, पानं दुमडलेली. नेत्रदानाच्या पानावर पेन्सिलीची एक खूण होती. ती आम्हाला दफन झाल्यावर दिसली. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, असं त्याच पानावर लिहिलेलं होतं.

ऑर्गन तसाच आहे. मामूंच्या पेटाऱ्यात सुपारीचा एक डबा सापडला, त्यात कागदात गुंडाळलेले जर्मन सूर. मोडीत निघालेल्या पेट्यांतून ते सूर काढून ठेवायचे आणि गरिबाच्या पेटीत बसवून द्यायचे. सुरात लावायला पट्टी किंचित घासायची, पुन्हा वाजवून पाहायची, पुन्हा घासायची. हे काम करताना ते कुणाला आत येऊ देत नसत. गेल्या महिन्यात डबा घेऊन नागपूरच्या एका कारागिराकडे गेलो. त्याने एक सूर उचलून ओठांशी धरला, फुंकला, आणि विचारलं, “कोणत्या पेटीतले?”

मला सांगता आलं नाही. त्याने डबा ठेवून घेतला.