मोजमाप कुणाचं?

१९७२ च्या दुष्काळात माझी आज्जी खडी फोडायला जायची. माणदेशातल्या कितीतरी रस्त्यांखाली त्या साली फोडलेला दगड आहे, आणि फोडणाऱ्यांत आमच्या वस्तीतली जवळजवळ सगळी घरं होती. आज्जी दुष्काळाचं सांगायला बसली की सुकडी आणि लाल मिलोच्या आधी ढिगाचं सांगायची. फोडलेल्या खडीचा ढीग रचायचा, मग त्याची मोजणी. ढीग पोकळ रचलाय असा संशय आला की मुकादम पायानं पाडायचा आणि पुन्हा रचायला लावायचा. माप कमी भरलं की मजुरी कापली. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे मी शाळेत नाही, तिच्याकडून शिकले.

गेल्या पावसाळ्यानंतर माझी आई रस्त्यावर पडली. आटपाडी तालुक्यातलंच आमचं गाव. गावाचं आणि ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कारण असा रस्ता तालुक्यात एकच नाही. डाळिंबाची काढणी करून ती शेजारणीच्या गाडीवर मागं बसून येत होती. मोठ्या रस्त्यावरून वस्तीकडं वळायचं तिथं साईडपट्टी वाहून गेलेली. डांबर आणि माती यांच्यात वीतभर खोली. गाडी घसरली, आईचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, सहा आठवडे मजुरी नाही. शेजारीण अजून आमच्यासमोर ओशाळते, जसा काही खड्डा तिनंच खणला होता.

ग्रामपंचायतीत गेले. "ताई, तो रस्ता आपल्याकडं येत नाही, वरच्या खात्याचा आहे." खात्याच्या कार्यालयात गेले. "मॅडम, देखभाल ठेकेदाराकडं आहे, मुदत चालू आहे." ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन केला. "तिथली साईडपट्टी भरून झाली, बिलही निघालं." तीन ठिकाणी विचारल्यावर एवढं कळलं की रस्ता दुरुस्त आहे, आई तेवढी पडली.

मग दहा रुपयांचा अर्ज केला. माहितीचा अधिकार म्हणजे कागदाची झेरॉक्स, असं आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना वाटतं. २००५ च्या या कायद्याच्या कलम २ मध्येच लिहिलंय की नागरिकाला कामाची, दस्तऐवजांची पाहणी करता येते, टिपणं घेता येतात, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. मी मोजमाप पुस्तिका मागितली. इंजिनिअर लोक तिला एमबी म्हणतात. ठेकेदाराचं बिल निघतं ते या वहीतल्या आकड्यांवर. लांबी, रुंदी, जाडी, खाली सही. आमच्या वळणाचा भाग त्यात होता. मुरूम टाकला, पाणी मारलं, दाबला. पोरांना घेऊन तीस मीटरचा टेप लावला, तर जवळजवळ दीडशे मीटर लांबीत मुरुमाचा खडासुद्धा नव्हता. बाजारपेठेच्या बाजूचं काम मात्र चांगलं झालंय, तेही सांगितलं पाहिजे. माप कुठं कमी भरलं तर वस्तीच्या तोंडाशी.

आज्जीचा ढीग सगळ्यांदेखत पाडून मोजला जायचा. ठेकेदाराचा ढीग बंद खोलीत, वहीत मोजला जातो. हा फरक कायद्यातही उतरलाय. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात कलम १७ होतं: ग्रामसभेनं कामांचं सामाजिक अंकेक्षण करायचं. गरिबाच्या हजेरीपटावर गावानं नजर ठेवायची, यात गैर काही नाही. पण ठेकेदाराच्या डांबराचं गावासमोर असं अंकेक्षण करायला कुणी बांधील नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी बांधणाऱ्या ठेकेदारावरच असते, तसा फलकही लावलेला असतो. फलक वाचणारा माणूस पडतो तेव्हा त्यानं कुठं जायचं, ते फलकावर नसतं.

न्यायालयं तरी बोलतायत. खड्ड्यामुळं मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करा, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही १९८अ कलम आलं. रस्त्याची देखभाल मानकांप्रमाणं न केल्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. पण हे सगळं माणूस पडल्यानंतरचं. पडायच्या आधी बघायचं कुणी?

माझं म्हणणं, ग्रामपंचायतीनं. इथं आपलेच लोक मला अडवतील, आणि बरोबरच अडवतील. १९३२ साली मुंबई विधान परिषदेत ग्रामपंचायत विधेयकाला बाबासाहेबांनी विरोध केला होता. संविधान सभेतही खेड्याच्या गौरवावर ते तुटून पडले. ज्या गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाच्या हातात आणखी एक चावी द्यायची? आटपाडी तर शंकरराव खरातांचं गाव, तराळकी म्हणजे काय ते इथल्या म्हाताऱ्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शिवाय पंचायतीच्या कामात ज्याचा हितसंबंध आहे तो सदस्य अपात्र ठरतो, असं ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ सांगतं. वरच्या खात्याच्या ठेक्यात सदस्याचा मेहुणा असला तर ते कलम कुठं लागणार?

म्हणून मी 'पंचायत' म्हणते तेव्हा सरपंचाची केबिन म्हणत नाही, ग्रामसभा म्हणते. ७३ व्या घटनादुरुस्तीनं आपल्याला राखीव जागा दिल्या आणि अकराव्या अनुसूचीत रस्ते, मोऱ्या, पूल घातले. त्या जागांवर बसून आपण समाजमंदिराला पत्रे मागितले, एमबी मागितली नाही. ही चूक आपली आहे. आणि तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत झाली तशी तिथली ग्रामसभाच गेली. शहर झाल्याच्या आनंदात हे कुणी बोललं नाही.

आमच्या ग्रामसभेला गणपूर्ती म्हणजे १०० मतदार किंवा १५ टक्के, यातले जे कमी असतील ते. एरवी सह्या घरोघरी फिरून होतात. यावेळी महिला सभेपासूनच वस्तीतल्या बाया येऊन बसल्या. मी वहीतले आकडे वाचले, मग टेपचे वाचले. एक सदस्य म्हणाले, "रस्ता आपला नाही, ठराव करून उपयोग काय?" तेवढ्यात प्लास्टर काढलेला हात वर करून आई म्हणाली, "रस्ता आपला न्हाई, मग हात कुणाचा मोडला?" ठराव झाला: संयुक्त पाहणी व्हावी, आणि यापुढं गावहद्दीतल्या देखभालीचं मोजमाप बिलाआधी ग्रामसभेत वाचावं. खात्यावर तो बंधनकारक नाही, मला माहीत आहे. पण तो इतिवृत्तात आहे, आणि खोटं माप लिहिणाऱ्याला आता तेवढा कागद आडवा येणार.

वीस दिवसांनी ट्रॅक्टरनं मुरूम आणून टाकला. रोलर आला नाही, बायांनी फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी आला. आधीच्या बिलातली रक्कम वसूल केली का, ते विचारणारा दुसरा अर्ज दिलाय. उत्तराची तीस दिवसांची मुदत संपली, आता पहिलं अपील लिहितेय. नवा मुरूम कोणत्या तारखेला, किती म्हणून वहीत चढला, तेही त्यात विचारलंय.