टर्बो मोठा झाला, पण ताकद का वाढली नाही?

विचुंब्यातून पुण्याकडे निघालेल्या गाडीची खरी परीक्षा खोपोलीनंतर होते. तिथून लोणावळ्यापर्यंत जुना रस्ता साधारण साडेपाचशे मीटर चढतो. माझ्या भाच्याची जुनी डिझेल गाडी याच चढावर, शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास, ट्रकमागे अडकली की दम सोडायची. घरची माणसं बसलेली, एसी चालू, इंजिन दीड हजार फेऱ्यांवर. पाय कितीही दाबला तरी गाडी उचल घेईना. शेवटी त्याने मोठ्या कंप्रेसर व्हीलचा टर्बो बसवून घेतला.

गाडी परत आली ती शिट्टी घालतच. पिकअप मात्र पहिल्यापेक्षा कमी, आणि मागून काळा धूर.

"मामा, टर्बोच डुप्लिकेट दिलाय," भाच्याचं ठाम मत. मला ते पटेना.

गाडीत फियाटचं 1.3 मल्टिजेट इंजिन आहे. 1,248 सीसीचं, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेलं. भारतात ते सुमारे 75 आणि सुमारे 90 अश्वशक्ती अशा दोन रूपांत मिळायचं. जास्त ताकदीच्या रूपाला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो होता, आणि त्याला साजेसा ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, मॅपही. नुसता टर्बो बदलून काम भागत नाही, हे कंपनीच्या या जोडीतूनच दिसतं.

आम्ही पनवेलच्या एका जुन्या डिझेल मेकॅनिकला गाठलं. त्याने टर्बोला हातही लावला नाही. आधी हवेचा सगळा मार्ग बंद केला आणि कमी दाबाने त्यात धूर सोडला. मी टॉर्च धरून वाकलो होतो. इंटरकूलरच्या खालच्या रबरी होजवर, क्लॅम्पच्या अगदी कडेला, धुराची बारीक रेघ उठली. होजची खालची बाजू तेलाने ओली होती आणि त्यावर धुळीचा काळा लेप बसला होता. क्लॅम्प सैल करताच रबराला पडलेली चीर उघडी झाली. रबर आतून चांगलंच कडक झालं होतं. म्हणजे चीर आजकालची नव्हती.

"दादा, टर्बो चांगला आहे. हवा रस्त्यातच गळतेय," तो भाच्याला म्हणाला.

काळ्या धुराचा उलगडाही तिथेच झाला. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याने मोजलेल्या हवेचा हिशेब धरून ईसीयू डिझेल सोडतो. पुढे वाटेत हवा गळाली की डिझेल जास्त आणि हवा कमी. न जळलेल्या इंधनाची काजळी सायलेन्सरमधून बाहेर.

होज बदलली, तेलकट इंटरकूलर धुतला. इंटरकूलरचं महत्त्व पनवेलच्या उन्हाळ्यात विशेष. पस्तीस अंशांची हवा दुप्पट दाबाला आणली की ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. ती गार झाली नाही तर दाब दिसतो, प्राणवायू मिळत नाही.

मग स्कॅनर लावून घाट चढलो. भाचा चालवत होता, मी आकडे वाचत होतो. धूर गेला, वरच्या फेऱ्यांना ओढ आली. पण दोन हजारांच्या खाली दाब भरायला वेळ लागतच होता. मोठं व्हील फिरवायला एक्झॉस्टचा जोरही जास्त हवा, आणि ट्रकमागे रांगताना तो मिळत नाही. शिवाय डिझेल इंजिनाची ताकद इंधनातून येते. ईसीयूने जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं हे मॅपमध्ये ठरलेलं. ते तेवढंच राहिलं तर जादा हवेचा उपयोग मर्यादितच. मॅप वाढवावा, तर क्लच आणि एक्झॉस्टचं तापमान यांचा विचार आलाच.

भाच्याने मूळ टर्बो जपून ठेवला होता. तोच परत बसवला. मेकॅनिकने आधी तेलाची नळी साफ केली, बेअरिंगमध्ये ताजं तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवला आणि तेल परतीचा पाइप कुठे दुमडत नाही ना, हे पाहिलं. मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा हा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. काही सेकंद कोरडा फिरला तरी बेअरिंग खराब होऊ शकतं. आता तीच गाडी, तीच माणसं आणि एसी चालू असतानाही शिंग्रोबाजवळ ट्रक ओलांडते.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये टर्बोची मूळ कल्पना पेटंट केली, तेव्हापासून तत्त्व एकच आहे: एक्झॉस्टमध्ये वाया जाणारी शक्ती वापरून जास्त हवा आत ढकलायची. ती हवा सिलिंडरपर्यंत पोचवणं हे होज, क्लॅम्प आणि इंटरकूलरचं काम.

टर्बो बदलायच्या विचारात असाल तर आधी गळतीची चाचणी करून घ्या, अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब स्कॅनरवर पाहा, इंटरकूलर उघडून बघा. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. नियमांत न बसणाऱ्या प्रत्येक फेरबदलासाठी गाडीच्या मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरटीओ आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय टर्बोची ऑर्डर देऊ नका.