माकणीच्या आखाड्यावरची गुरे

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या काठी माकणी आहे. निम्न तेरणा धरणामुळे गावाचे नाव दूरवर माहीत झाले. किल्लारी-सास्तूरच्या बाजूने आलो की काळी रानं, मध्येच उसाचे हिरवे पट्टे आणि मग धरणाची भिंत दिसते. सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही इथे येतो ते मात्र चाचांच्या आखाड्यावरच्या गुरांसाठी.

लाल कंधारी बैलजोडी, तीन देवणी गायी आणि त्यांची वासरे. रंगावरून देवणीचे वानेरा, बालंक्या, शेवेरा असे प्रकार सांगतात. चाचा स्वभावावरून सांगतात. काळ्या गालांची वानेरी मानी आहे. हौदावर तिचे पाणी पिऊन झाल्याशिवाय दुसरी पुढे होत नाही. त्यासाठी ती शिंग उगारत नाही, नुसती मान वळवते. धाकटी चांदी चोरटी. फाटकाची कडी तोंडाने उचलायला ती दोन दिवस झटत होती. कडी पडली, तेव्हा कडब्याकडे न जाता शेपूट उडवत तिने आधी आखाड्याला एक चक्कर मारली!

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांचा 2004 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. कालवडींना फळी दाबून फाटक उघडायला शिकवले. युक्ती जमू लागली तशा त्या उत्तेजित झाल्या, त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. चाचांना हे सांगितले तर म्हणाले, "बेटा, ये देखने कू इत्ते दूर काय कू जाना?"

भूकंपाच्या रात्री, 30 सप्टेंबर 1993 ला, गुरे आधीच दावी ओढत होती असेही चाचा सांगतात. एवढ्या मोठ्या आघातानंतर आठवणींना असे अर्थ चिकटतात, म्हणून त्यावर आम्ही फार भर देत नाही. लाल्याचे मात्र डोळ्यांनी पाहिले आहे.

लाल्या म्हणजे जोडीतला म्हातारा बैल. त्याचा जुना जोडीदार गेला, तेव्हा आठ दिवस त्याने वैरणीत धड तोंड घातले नाही. नवा खोंड शेजारी आला. खोंड उगाच ओढ घेऊ लागला की लाल्या पाय रोवून उभा राहायचा. चाबूक न उचलता खोंड चालायला शिकला तो असा.

आता लाल्याचे दात झिजले आहेत. नांगरट ट्रॅक्टरने होते. मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही. शिवाय आपल्या नावाच्या माणसाने बैल घेऊन रस्त्याने जायचे म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला. कडबा महाग. चुलतभाऊ म्हणतो, गोशाळेत देऊन टाकू. त्याचा हिशेब चुकीचा नाही. घर तोच चालवतो.

चाचांनी वाद घातला नाही. एका अन्सारींच्या बागेतला उंट प्रेषितांना (स.) पाहून रडला आणि मालक उपाशी ठेवून राबवतो ही त्याची तक्रार प्रेषितांनी (स.) मालकाला ऐकवली, ती हदीस त्यांनी रात्री जेवताना मुलांना सांगितली. चुलतभाऊ ऐकत होता. लाल्याची काय तक्रार असेल, असे धाकटीने विचारले. चाचा म्हणाले, "खोंड कू मेरे बाजू से मत हटाव, बोलेगा."

यंदा चाचांनी ज्वारी एक एकर जास्त पेरली आहे. बी चुलतभावानेच आणून दिले.