मत कुजवायचं नाही

भीमजयंतीला आमच्या वस्तीत मोबाईल फोटोस्पर्धा घेतली. परीक्षक बाहेरून कशाला? स्पर्धकांनीच एकमेकांना दहापैकी गुण द्यायचे. गुणपत्रिका उघडल्या तर तिघांनी सगळ्यांना सरसकट एक-एक. परसवाडा तलावावरच्या सारसजोडीचा फोटो सर्वांत चांगला, त्यालाही एकच. विचारलं तर एक पोरगा म्हणाला, "भाऊ, दुसऱ्याला जास्त दिले तर माझा नंबर कसा येईल?"

त्याला १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक सांगितली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला मतं दोन. राखीव जागेवर बाबासाहेब उभे. एक मत बाबासाहेबांना, दुसरं कुजवा, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला. बाबासाहेबांनी तो मानला नाही. ते हरले.

सांगताना माझीच मान खाली होती. मागं एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. आपल्या विहारातल्या मुलाचं नाव दिसलं आणि फोटो नीट न बघताच नऊ गुण देऊन मोकळा झालो. आपल्या पोरांना कोण वर येऊ देतं, ही माझी सबब. ती खोटी नव्हती. आडनाव वाचून गुण देणारे परीक्षक असतातच. पण त्या दिवशी मीही आडनावच वाचलं होतं.

मतदान पुन्हा घेतलं. नावं झाकली, नुसते क्रमांक टाकले (वस्तीत काय लपतं म्हणा!). गुण बंद, स्वतःचा सोडून तीन फोटो निवडायचे, पुढे एका ओळीत कारण.

सारस पहिला आला. त्या पोराचा फोटो पहिल्या तिनात नव्हता. त्याच्या चिठ्ठीवर सारसचाच क्रमांक वर होता, कारण लिहिलेलं : पायाजवळचं पाणी हललेलं दिसते.