गावचे महाविद्यालय
१८९१ साली इंदूरला होळकर महाविद्यालय निघाले. माळवा-निमाडातील आम्हा मराठी घराण्यांनी पदवी म्हणजे नोकरी हेच समीकरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या मानले. मुले शिकली नि धामनोद सोडून गेली. मागे कुलुपे उरली. आता नोकऱ्यांचेच स्वरूप पालटत आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुन्हा परतण्याची मुभा ठेवली आहे. जवळच महेश्वरचे हातमाग आहेत, भोवती कापसाची शेते आहेत. चाळिशी उलटलेल्या विणकर भगिनीलाही हिशेब, संगणक आणि विक्रीव्यवहार गावच्या महाविद्यालयात शिकता यावा. भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे श्रम आणि विद्या एकत्र नांदवून दाखविल्या. आपल्या मुलांनाही येथे राहून शिकण्याजोगे व कमावण्याजोगे काही असावे, एवढेच आमचे मागणे आहे.