तोळाभर शिसं

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. गुडघे आणि पाऊस, दोन्ही कारणं खरी आहेत. परवा मात्र एकाच दिवशी दोन फोन आले, आणि दोन्हींचा विषय निघाला बंदूक! आता एका निवृत्त मराठीच्या बाईंचा बंदुकीशी काय संबंध, असं कुणाला वाटेल. पण आमचं आजोळ आंदर मावळातलं. तिथे मामाच्या घरी ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची, पिकाच्या राखणीसाठी दिलेली. त्यामुळे विषय अगदीच परका नाही.

पहिला फोन बहिणीच्या नातवाचा, कोलोरॅडोहून. तो तिथे एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगाने सांबरापेक्षा बराच मोठा. हा मुलगा काडतुसं विकत घेत नाही, घरी बसून स्वतः भरतो. वापरलेलं पितळी नळकांडं साफ करायचं, तळाशी नवी केप बसवायची, तोलून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. तिकडे हा छंद कायदेशीर आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय असं काडतूस भरणं हा गुन्हा आहे, हे तरुण वाचकांनी लक्षात ठेवावं.

तो सांगत होता, "आजी, मी १८० ग्रेनची गोळी घेतो. मित्र म्हणतात १५० ची घे, जास्त वेगाने जाते." मी विचारलं, "ग्रेन म्हणजे किती रे?" म्हणाला, सात हजार ग्रेनचा एक पौंड. कागद-पेन्सिल घेऊन बसले, आणि उत्तर आलं तेव्हा मलाच हसू आलं. आपला जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन! इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन तसंच ठरवून टाकलं होतं. म्हणजे आमचा नातू त्या डोंगरात एल्कवर नेमकं तोळाभर शिसं झाडतो. (वरून तांब्याचं पातळ वेष्टण असतं म्हणे, पण तोळा तो तोळाच.)

मग छंदच लागला. कोलोरॅडोच्या कायद्यात एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची हवी, म्हणजे अर्ध्या तोळ्याला किंचित कमी. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या १९२६ साली जिम कॉर्बेटने मारला, तो .२७५ रिग्बी रायफलीने. तिची नेहमीची गोळी १४० ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळ्याहून थोडी जास्त. आपल्याकडे परवान्यावर मिळते ती .३१५ रायफल. तिची गोळी सुमारे २४४ ग्रेनची, एक तोळा आणि वर तिसरा हिस्सा. लष्कराच्या .३०३ ची काडतुसं सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी ती बंद केली, त्यामुळे हे निराळं माप इथे रुजलं. आणि बाराबोर? एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोर. सोळा गोळे केले तर सोळाबोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बाराबोरचा अखंड गोळा भरतो सव्वातीन तोळ्यांच्या आसपास.

मामाच्या बंदुकीला असला काही आकडा नव्हता. नळीला बेतलेला एक लोखंडी साचा होता, चिमट्यासारखा. मामी चुलीवर शिसं वितळवायची आणि मामा ते साच्यात ओतायचा. मुलांना लांब बसवत, शिशाचा धूर वाईट म्हणून. गार झालेला गोळा हातात घेतला की इवल्याशा वस्तूला एवढं वजन कसं, याचं दर वेळी नवल वाटायचं. एकदा वडगावच्या सोनाराकडे मामाने तो तोलून घेतला होता, सव्वादोन तोळे भरला. सोनार म्हणाला, "सोन्याचा असता तर?" तो विनोद पुढे दहा वर्षं घरात चालला.

बार भरणं हाही एक सोहळाच. दारू मापायला बांबूचं मापटं. मग नारळाचा काथ्या, गजाने ठासायचा. मग गोळा, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. शेवटी केप. एवढं करायला मिनिटाच्या वर वेळ जाई. म्हणजे रात्री रानडुक्कर समोर आलं तर हाताशी बार एकच. म्हणून मामा माळ्यावर बसून राही आणि जनावर वीसपंचवीस पावलांवर येईपर्यंत चापाला बोट लावत नसे. किती डुकरं त्याने नुसती जाऊ दिली, याचा हिशेब मामीकडे होता, आणि ती तो ऐकवायचीही.

नातवाला हे सांगितलं तर तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, त्याच्याकडे दारू एक दशांश ग्रेनपर्यंत तोलतात. आपली गुंज पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर. म्हणजे गुंजेचा एकोणिसावा भाग! एवढ्या बारकाव्याचं कारण, आजची बिनधुराची दारू जुन्या काळ्या दारूपेक्षा फार जोरकस. काळी दारू, म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा, मापट्याने घातली तरी चालून जाई. नवी दारू तशी मापट्याने जुन्या बंदुकीत घातली तर नळी फुटून घालणाऱ्याचाच हात जातो. आणि प्रत्येक रायफलीची आवड निराळी असते म्हणे. एकीत नेमकं बसणारं माप दुसरीत भरकटतं. वर्गातली मुलं आठवली.

हलकी गोळी की जड, या वादात मला नातवाचं म्हणणं पटलं. हलकी गोळी वेगाने सुटते, लांबवर सरळ जाते, खांद्याला धक्का कमी. पण मोठ्या जनावराच्या फऱ्याच्या हाडावर आपटली तर तिथेच फुटून तुकडे होतात. वरवर मोठी जखम, काळजापर्यंत काही पोचत नाही. जनावर पळतं, आणि कुठल्यातरी ओढ्यात दोन दिवसांनी मरतं. जड गोळी हळू जाते, लवकर खाली येते, म्हणून जवळ जावं लागतं, पण आत शिरते. नर डुकराच्या तर खांद्यावर जाड, चिवट ढालच असते. बारीक छर्रे त्यात अडकून बसतात आणि डुक्कर उलटून अंगावर येतं. मामा छर्रे कधीच भरत नसे, ते यामुळेच.

आणखी एक गंमत. आत शिरल्यावर पसरणारी मऊ नाकाची गोळी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघाली. १८९९ साली हेगच्या परिषदेत ती युद्धात वापरायला बंदी झाली, फार क्रूर म्हणून. आणि कोलोरॅडोत शिकारीला तशीच पसरणारी गोळी सक्तीची, कारण तिने जनावर लवकर मरतं, तडफडत नाही. माणसासाठी क्रूर तीच जनावरासाठी दयाळू. यावर मी बराच वेळ विचार केला. दोन्हीकडचं म्हणणं खरंच आहे, असंच वाटतं.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच संध्याकाळी दुसरा फोन. मामेभावाचा मुलगा, गावाहून. "आत्या, एका रात्रीत दोन खाचरं पार लोळवली बघ." इंद्रायणी भात, दाणा नुकता भरत आलेला. डुकरं खातात त्याहून जास्त तुडवतात. पोराने पेरणीला सोसायटीचं कर्ज काढलंय, आणि धाकटीची कॉलेजची फी तोंडावर आहे. आजूबाजूच्या जमिनी बंगल्यांना गेल्या, त्यांना कुंपणं पडली, मग डुकरांना वाट उरली ती याच्याच खाचरातून. मामाची बंदूक केव्हाच पोलीस ठाण्यात जमा झाली. मामा गेल्यावर परवाना पुढे कुणी नावावर करून घेतला नाही.

तर त्याला कुणीतरी सुचवलंय, बॉम्ब ठेव. मावळात हा शब्द सगळ्यांना कळतो. पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात स्फोटक, डुकराने चावलं की जबडा फुटतो. मेलं तर ठीक, नाहीतर जबडा लोंबत आठवडाभर हिंडतं. गाय चावली, कुत्रा चावला, एखाद्या पोराने उचलला, तरी तो फुटतोच. इथे गोळीचं वजन नाही, नेम नाही, आणि समोर काय आहे हे बघणारं कुणी नाही. तिकडे जंगलात शिकाऱ्याला भडक नारिंगी किंवा गुलाबी घालायला लावतात, का, तर माणसाला जनावर समजून बार उडू नये. आणि हे काळोखात पेरून घरी येऊन झोपणार!

मी त्याला स्पष्ट सांगितलं, बॉम्ब ठेवलास तर या घराची पायरी चढू नकोस. बोलले ते कठोर झालं, पण मागे घेणार नाही. तो चिडला. "मग काय करू, भजनं म्हणू?" प्रश्न अगदी रास्त आहे.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली असं माझं मत. मामालाही पटलं होतं, मामीला नव्हतं. पण त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात, उभ्या पिकाला धोका झालेल्या रानडुकरासारख्या जनावराला मारायची लेखी परवानगी वनाधिकारी देऊ शकतात. परवानगी मिळेलही. पण मारणार कोण आणि कशाने? परवान्याची बंदूक असलेले गावात दोघेच, एकाला आता दिसत नाही. आणि उरलेल्याकडे बाराबोरची छर्ऱ्यांची काडतुसं आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून इथून तासाभरावर आहे, पण शेतकऱ्याला कुठल्या जनावरावर कुठलं काडतूस हे सांगणारं कुणी नाही. परवानगीच्या कागदावर हे दोन ओळींत लिहून दिलं तर काय बिघडेल? छर्रे खाऊन पळालेलं डुक्कर सकाळी गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर येतं, त्याची जबाबदारी मग कुणाची?

शेवटी आम्ही दोघांनी फोनवरच अर्ज लिहिला. शुद्धलेखन माझं, गट नंबर त्याचे. नुकसानभरपाईचा एक आणि परवानगीचा एक, असे वेगवेगळे केले, एकात घातलं की दोन्ही अडकतात. तोवर तो आणि त्याचा चुलतभाऊ रात्री आळीपाळीने माळ्यावर बसतायत, पत्र्याचा डबा आणि बॅटरी घेऊन. उरलेल्या तीन खाचरांचं भात अजून उभं आहे. पंचनाम्याला माणूस बुधवारी येणार असं कळलंय.