नाताळचे खतखते

सणाच्या जेवणातील मुख्य पदार्थ ठरविणे हे काम वरवर पाहता पाकशास्त्राचे. परंतु ज्यांच्या पंक्तीला अन्य धर्माचे व अन्य प्रांताचे पाहुणे बसावयाचे असतात, त्यांच्यापुरते ते राजकारणाचे होऊन बसते. आम्ही कोकणी बोलणारे गोमंतकीय ख्रिस्ती. मराठीतून शिकलो, मराठीतूनच शिकवितो, आणि गेली सहा वर्षे ग्वाल्हेरीस लष्कर भागातील एका जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास पडली आणि तीच पुढे लष्कर नावाने शहर झाली. छावणीमागोमाग दक्षिणेतून आलेल्या मराठी कुळांपैकी एकाचे वंशज आमच्या वाड्यात तळमजल्यावर राहतात. माडीवर एक जैन कुटुंब आहे. आम्ही मधल्या मजल्यावर, म्हणजे स्थानाप्रमाणेच स्वभावानेही मध्यस्थ.

दिवाळीचा फराळ आम्हांस खालून येतो तसा वरूनही येतो. नाताळात आम्ही उलट तबक पाठवितो. गोव्यात या तबकाला ‘कोन्सुआद’ म्हणतात. त्यातील काय स्वीकारले जाते आणि काय मोलकरणीच्या हाती जाते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तळमजल्यावरील आजी तर पाच वर्षे तबकातील केवळ अखंड फळे उचलीत आणि बाकीचे हात जोडून परत करीत. त्याच आजी गेल्या मार्गशीर्षात आपण होऊन म्हणाल्या, “यंदा तुमच्या सणाला आम्ही जेवायलाच येऊ म्हणतो.” वरच्या भाभीजींनीही होकार दिला. आमच्या आईला आनंद झाला, आणि लगेच चिंता पडली. तिने आम्हांस कोकणीत एवढेच विचारले, “जेवणाक कितें करुया?”

गोमंतकातील ख्रिस्ती घरी नाताळचा मानकरी पदार्थ म्हणजे सोरपोतेल. डुकराचे मांस बारीक चिरून सिरका आणि मसाला यांत शिजवितात, व दोन-तीन दिवस मुरल्यावर ते अधिक रुचकर लागते. या शेवटच्या गुणामुळेच आमची सुटका झाली. आग्र्यास शिकणारा आमचा भाचा सुटीत आलेला होता. “सोरपोतेलाशिवाय नाताळ?” असे म्हणून तो हिरमुसला, तेव्हा आईने निकाल दिला की ते पंचविसाच्या रात्री, पाहुणे गेल्यावर चुलीवर चढेल आणि अठ्ठाविसाला पानात येईल. यात लपवाछपवी काही नव्हती. आम्ही काय खातो हे सगळ्या वाड्यास ठाऊक आहे. पाहुण्यांना ज्याचा वासही सोसवत नाही ते त्यांच्या पुढ्यात मांडू नये, एवढीच त्यातील रीत.

मग त्या मधल्या जागी काय ठेवावे? कोणी म्हणाले, पनीर. ग्वाल्हेरीत लग्न असो, बारसे असो, निवृत्तीचा समारंभ असो, पनीर आहेच. ते कोणासही चालते, आणि म्हणूनच ते कोणाचेही नसते. विलायतेतील एका आप्तांनी काजू-अक्रोड कुटून, पाव मिसळून भाजलेल्या वडीची कृती पाठविली. इंग्लंडात शाकाहारी मंडळाची स्थापना १८४७ साली झाली, आणि तेथील शाकाहारी घरांत नाताळच्या टेबलावर ही वडी टर्कीच्या जागी विराजमान होते. आम्हांस ती कल्पना रुचली नाही. मांसाची रिकामी खुर्ची भरण्यासाठी जो पदार्थ आणावयाचा, त्याकडे पाहून जेवणाऱ्याला उणीवच आठवत राहणार. शिवाय अक्रोडांचा भाव पाहता ती कृती शिक्षकाच्या वेतनश्रेणीचा विचार करून लिहिलेली दिसत नाही.

वस्तुतः नाताळ आणि शाकाहार यांचे वैर आहे, हीच समजूत अपुऱ्या माहितीची आहे. केरळातील सिरियन ख्रिस्ती नाताळापूर्वी पंचवीस दिवसांचे व्रत पाळतात. त्यात मांस, मासे, अंडी वर्ज्य असतात. इथिओपियाचे ख्रिस्ती त्यांच्या ७ जानेवारीच्या जन्मोत्सवापूर्वी सहा आठवडे दूधदुभत्यासही शिवत नाहीत. युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या रात्री मांसाशिवाय बारा पदार्थ करतात, आणि त्यांत अग्रमान गहू, खसखस व मध यांच्या ‘कुत्या’ नावाच्या खिरीला. हे वाचून आमच्या आजींना गव्हाची खीर आठवेल यात नवल नाही! रोमन चर्चच्या १९१७ सालच्या विधिसंहितेतही नाताळच्या आदल्या दिवशी उपवास व मांसवर्जन सांगितलेले होते. १९६६ साली ते नियम सैल झाले. आमच्या ‘कोन्सुआद’ या शब्दाचा पोर्तुगालमधील अर्थ तबक नव्हेच. त्या आदल्या रात्रीच्या जेवणाला तेथे ते नाव आहे. शब्द समुद्र ओलांडून आला आणि रात्रीचे जेवण शेजाऱ्याच्या घरी जाणारे तबक झाले. आम्हांस विचाराल तर या प्रवासात शब्दाचा फायदाच झाला.

आणि आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर याहूनही जवळचे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, पण शाकाहार सोडला नाही. तेथील भगिनींना हा जुन्या जातिसंस्काराचा हट्ट वाटे. रमाबाईंनी मात्र धर्म कोणता मानावा आणि पानात काय वाढून घ्यावे हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. केडगावला सहस्रावधी अनाथ स्त्रियांचा संसार सांभाळणाऱ्या या बाईंच्या निश्चयाला हट्ट म्हणावे, की आणखी काही, हे विद्यार्थ्यांनी त्यांचे चरित्र वाचून ठरवावे.

असो. आमच्या घरचा निर्णय शेवटी आईनेच केला, आणि तो होता खतखत्याचा. कोकणीत शाकाहाराला ‘शिवराक’ म्हणतात, आणि शिवराक पदार्थांत खतखत्याचा मान मोठा. तूरडाळ मऊ शिजवावी. भाज्यांच्या ठसठशीत फोडी कराव्यात. ओले खोबरे, सुक्या मिरच्या व हळद वाटून घालावी. आमसूल आणि गूळ यांनी आंबटगोड करावे. आणि उतरविण्यापूर्वी पाण्यात चेचलेली तिरफळे टाकावीत. कांदा नाही, लसूण नाही. शिजताना खतखत असा आवाज होतो म्हणून हे नाव, असे सांगतात. बार्देस तालुक्यातील आमच्या गावी हा पदार्थ खरे तर शेजारच्या हिंदू घरचा. चवथीला त्यांच्याकडून आमच्याकडे खतखते व नेवऱ्या येत, नाताळला आमच्याकडून त्यांच्याकडे दोदोल व पुन्हा नेवऱ्याच जात. आई ते शिकली त्या घरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. उंबऱ्याच्या आत तिला प्रवेश नव्हता, हेही येथे सांगून टाकतो. तिला त्याचा विषाद नाही, आम्हांस थोडा आहे.

तिरफळाचे झाड ग्वाल्हेरच्या माणसाने पाहिलेले नसते. ती गोव्याहून मागवावी लागतात. सुदैवाने वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबते; दीड दिवसाच्या प्रवासानंतर एका परिचितांनी तिरफळे, आमसुले आणि सहा नारळ स्थानकावर आमच्या हवाली केले. नारळ येथेही मिळतो म्हणा, पण तो प्रामुख्याने देवापुढे फुटण्यासाठी जन्मलेला. वाटणाचे काम त्याजकडून मनासारखे होत नाही.

तोच माडीवरची अडचण पुढे आली. जैन घरी जमिनीखालचे काही चालत नाही. आणि खतखते म्हणजे तर कंदांचा मेळावा! सुरण गेला, रताळे गेले, मुळा, बटाटा, गाजर सर्व गेले. “कणगां नासतना खतखतें कशें?” असे म्हणून आई खिन्न होऊन बसली. कणगे हा आमच्याकडचा एक कंद, आणि तिच्या मते तो नाही तर खतखते नाही. हळद तेवढी वाळलेली असल्याने चालते, असा निर्वाळा भाभीजींनी दिला. तांबडा भोपळा, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे, तुरीचे हिरवे दाणे अशी नवी यादी झाली. गंमत अशी की, त्या दिवशी एकादशी असती तर आजींना नेमके रताळे आणि सुरणच चालले असते, आणि डाळ-भात वर्ज्य ठरला असता. एकाच वाड्यात जे एकीला निषिद्ध ते दुसरीला विहित! पंचांगाने त्या वर्षी आमच्यावर कृपा केली.

भाज्यांचा प्रश्न मिटला तेव्हा पातेल्याचा निघाला. आजींनी स्वतः काही विचारले नव्हते, त्यांच्या सुनेने चाचरत विचारले, “भांडी वेगळी असतील ना हो?” आम्हांस ते लागले. त्याचे कारण जुने आहे. गोव्यात पोर्तुगीजांचे धर्मन्यायासन १५६० साली आले आणि काही वर्षांच्या खंडासह १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या १७३६ सालच्या आज्ञापत्रात बाटलेल्यांनी हिंदूंच्या चालीरीती पाळू नयेत म्हणून जे अनेक निर्बंध होते, त्यांत हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, हाही एक होता. म्हणजे भाताच्या चवीवरून माणसाची निष्ठा ठरावयाची. पूर्वजांच्या पातेल्यात सत्तेने डोकावून पाहिले. आता आमच्या पातेल्यात शेजाऱ्यांनी डोकवावे, हे आम्हांस मानवेना. आम्ही आईस म्हटले की, घासून लख्ख केलेल्या भांड्यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी येऊ नये.

आईने वाद घातला नाही. ती महाराज बाड्याच्या बाजारात गेली आणि एक कल्हई केलेले पितळी पातेले घेऊन आली. वर म्हणाली की, शिपाई डोकावतो आणि पाहुणा डोकावतो यांत फरक आहे. शिपायाला काहीतरी सापडावे अशी इच्छा असते, आणि पाहुण्याला काही सापडू नये अशी. आम्हांस हे तेव्हा पूर्ण पटले नव्हते, आजही पूर्ण पटलेले नाही. नवे भांडे घेणे म्हणजे जुन्यावरचा संशय मान्य करणे, असे आम्ही अजूनही म्हणतो. परंतु स्वयंपाक तिचा होता आणि सणही आमच्याइतकाच तिचा होता.

मुरारच्या चर्चमधून मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आल्यावर ती निजलीच नाही. सकाळी दहाच्या सुमारास आजी थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आईने त्यांना आत बोलाविले आणि पाट दिला. “तेल कोणते हो तुमचे?” आजींनी विचारले. “खोबऱ्याचे,” आई म्हणाली, आणि तिने झाकण उचलून पातेले त्यांच्यापुढे केले. आजींनी वाफेत तोंड घालून बराच वेळ वास घेतला, तिरफळाचा वास ओळखू येईना म्हणून पुन्हा घेतला, आणि मग तेथेच बसून मटार सोलू लागल्या.

जेवणात खतखते मधोमध होते, आणि ते सर्वांना एकाच पातेल्यातून वाढले. भाचाही तेच जेवला; तोंड वाकडे करून बसला होता तो तिसऱ्यांदा भात मागताना सरळ झाला. सान्नांसाठी गोव्यात माडाची सूर घालतात. येथे आम्ही खमीर घातले होते, तेही भाभीजींनी नम्रपणे नाकारले आणि पुरीवर जेवल्या. केकमध्ये अंडी म्हणून तो आमच्यापुरताच होता. पाहुण्यांना दोदोल दिला, त्यात तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ यांवाचून काही नसते. आजींनी पहिले तिरफळ चावले मात्र, आणि जीभ बधिर झाली म्हणून घाबरून पाणी मागितले. ते चावावयाचे नसते, बाजूला काढावयाचे असते, हे सांगण्यास आई विसरली होती. पुढची तिरफळे आजींनी ताटाच्या कडेला नीट ओळीने मांडली आणि उठताना मोजली, नऊ भरली.

दुसऱ्या दिवशी आमचा डबा खालून परत आला तो गव्हाच्या खिरीने भरून. त्याबरोबर नातवाच्या हाती निरोपही होता: ती काळी फळे आणखी असतील तर मूठभर द्यावीत, तुरीच्या आमटीत घालून पाहावयाची आहेत. मूठभर निघाली नाहीत. पाच-सहाच उरली होती, ती पुरचुंडी बांधून दिली. आईने लगेच गावी पत्र धाडून पुढच्या वेळी दुप्पट तिरफळे मागविली आहेत, आणि एखादे कणगे रुजते का ते पाहण्यासाठी चार कंदही.